प्रबंधात सापडलेलं यंत्र

शेवटचा साधा दिवस मंगळवार होता, आणि त्यातला बराचसा 'दिसून येते' या दोन शब्दांवरून वाद घालण्यात गेला.

धुळ्याच्या देवपुरातल्या त्या घरात जेवणाच्या टेबलावर कुणी जेवत नसे. टेबलावर संगणक होता, आणि संगणकासमोर अमृतनाना. जेवणं खाली पाटावर होत. नाना हयातभर कोर्टात टंकलेखक होते. निवृत्त झाल्यावर टाइप करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा ते गॅलरीत उभे राहून रस्त्यावरच्या गाड्यांचे नंबर मोठ्याने वाचू लागले. एमएच अठरा असेल तर नुसताच, आणि एमएच एकोणीस असेल तर "जळगाववाला" असं पुढे जोडून. शेजारच्या प्रमिलाबाई आपली स्कूटर मागच्या गल्लीत लावू लागल्या होत्या. मग मुलीचा प्रबंध आला आणि नंबर थांबले.

मुलगी म्हणजे सुलक्षणा. पंचेचाळिशी ओलांडलेली, सोनगीरच्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवणारी. तिने पीएच.डी.साठी विषय घेतला होता सोनगीरच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर कोरलेल्या बायकांच्या नावांचा. त्यासाठी ती कित्येक वर्षं लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या घागरी उपड्या करून बघत होती. काही ठिकाणी तिला जुनी भांडी घेणारी मोडवाली समजून भावही विचारला गेला. जे सापडे ते ती हाताने लिही आणि नाना टाइप करत, कारण तिचं मनगट दुखायचं.

"नाना, मी लिहिलंय, 'या घागरीवर माहेरचं नाव आहे.' तुम्ही टाइप केलंय, 'सदर घागरीवर माहेरचे नाव असल्याचे दिसून येते.'"

"मग? दिसून येतं ना?"

"दिसतं. पण मी तसं लिहिलेलं नाही."

"तू नुसतं 'आहे' लिहिलंस. उद्या कुणी म्हणालं नाही, तर? 'दिसून येते' म्हटलं की आपल्या अंगावर येत नाही."

दुसरं भांडण रेघांचं. परिच्छेदाची शेवटची ओळ अर्ध्यात संपली की उरलेली जागा नाना छोट्या रेघांनी थेट समासापर्यंत भरून काढत. कोर्टात ओळ उघडी ठेवत नाहीत, मागाहून कुणीही त्यात काहीही घुसडतं. पितळी घागरींच्या प्रबंधात कोण कशाला घुसडेल, हा प्रश्न सुलक्षणाने विचारला होता. "घुसडणारा आधी सांगत नाही," असं उत्तर मिळालं होतं. ती संध्याकाळी रेघा पुसायची, सकाळी त्या परत आलेल्या असायच्या. मंगळवारी तिने हात टेकले.

"हात कसा आहे?" नानांनी रोजच्यासारखं विचारलं.

"बरा आहे."

"आज डावा ना?"

"डावा," ती म्हणाली. पट्टी उजव्या मनगटाला होती. नानांनी पट्टीकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "चहा टाक."

या मनगटासाठी सोनगीरहून धुरपदाआत्या, म्हणजे नानांची थोरली बहीण, औषधी तेलाच्या बाटल्या पाठवत असत. तेल उग्र होतं आणि उपयोगी होतं. घरातल्या एकूण एक बिजागऱ्या सुलक्षणाने त्या तेलाने मऊ करून ठेवल्या होत्या. "दारं हल्ली वाजत नाहीत," एवढंच नाना एकदा म्हणाले होते.

संध्याकाळी प्रबंध जळगावच्या संशोधन केंद्राच्या संकेतस्थळावर चढवायचा होता. सगळं झाल्यावर शेवटी एक प्रश्न आला. आपण जनरेटिव्ह कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर केला आहे काय? होय किंवा नाही.

"हे कोण?" नानांनी विचारलं.

"यंत्र असतं, नाना. सांगाल ते लिहून देतं."

"सांगाल तेच?"

"नाही, स्वतःच्या मनाने भरही घालतं."

"वाईट सवय आहे," नाना म्हणाले, आणि त्यांनी 'नाही'वर टिचकी मारली.

बुधवारी सकाळी चहा झाला तरी नाना उठले नाहीत. त्यात सांगण्यासारखं दुसरं काही नाही. दोन कप काढले होते. एवढी वाचलेली बाई, पण दुसरा कप परत फडताळात ठेवायचा असतो की विसळून ठेवायचा असतो हे तिला दुपारपर्यंत समजलं नाही.

खानदेशात माणूस गेला की गंधमुक्तीपर्यंत, म्हणजे सुतक फिटेपर्यंत, लोक भेटायला येतात; त्याला द्वारदर्शन किंवा नुसतं 'दारवर येणं' म्हणतात. येताना 'येऊ का' असं कुणी विचारत नाही आणि जाताना 'येतो' असं कुणी म्हणत नाही, कारण अशा घरी पुन्हा येण्याची पाळी कुणालाच नको असते. मधल्या वेळात मात्र बोलायला बंदी नसते. सतरंजीवर दहा माणसं नुसती बसली की त्यांना सल्ला सुचतोच, फक्त विषय हवा असतो. तो विषय शुक्रवारी फोनवरून आला.

फोन चुलतभाऊ भूपेंद्रने उचलला. भूपेंद्र नशिराबादला ठिबक सिंचनाच्या नळ्या विकतो आणि कुठलाही फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय त्याला ऐकू येत नाही.

"संशोधन केंद्र, जळगाव. समाधान बोलतोय. सुलक्षणा मॅडम का? मॅडम, तुमच्या प्रबंधात यंत्र सापडलं आहे."

सतरंजीवरचे सगळे फोनकडे सरकले.

"कोठे सापडनं?" धुरपदाआत्यांनी विचारलं.

"संगणकाने तपासलं, मॅडम. भाषा माणसाची नाही असा अहवाल आहे. प्रत्येक वस्तू 'सदर' आहे, प्रत्येक वाक्याला 'दिसून येते', आणि ओळी संपल्या की रेघाच रेघा. तुम्ही तर 'नाही'वर खूण केलीय. न सांगता वापरणं हा गैरप्रकार होतो. प्रबंध रद्द होऊ शकतो."

"ते यंत्र नाही," सुलक्षणा म्हणाली. "ते माझे वडील आहेत."

खोलीतल्या सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिलाही ऐकू आलं.

"होते," ती म्हणाली. हा शब्द ती पहिल्यांदाच उच्चारत होती आणि तो एका कारकुनाला सांगावा लागला, याचा धक्का तिला नानांच्या जाण्याइतकाच नवा लागला.

समाधान हळू आवाजात म्हणाला, "भावपूर्ण श्रद्धांजली, मॅडम. खुलासा सोमवारी समक्ष."

मग सल्ले सुरू झाले. प्रमिलाबाई निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांना पहिला मान. "माहितीचा अधिकार टाक. यंत्राने यंत्राला कसं ओळखलं, ते लेखी मागव." कोपऱ्यातल्या एका गृहस्थांनी पालकमंत्र्यांना भेटायला सांगितलं. ते कोण, कुणाकडचे, हे शेवटपर्यंत कळलं नाही. दुसऱ्याच एका घरी निघालेले असावेत, पण चर्चा रंगल्यामुळे बसून राहिले. भूपेंद्रने मात्र तेवढ्यात मोबाइलवर केंद्राची नियमावली काढून वाचून टाकली.

"ताई, सोपं आहे. भाषा सुधारण्यापुरतं यंत्र चालतं. आधी सांगितलं नाही तरी चौकशीत कबूल करता येतं. ताकीद देऊन सोडतात."

"आणि माणसाने सुधारली असेल तर?"

"नियम सात. अन्य व्यक्तीने लेखन केल्यास प्रबंध रद्द."

"म्हणजे यंत्र चालतं आणि बाप चालत नाही."

"बाप असं कुठे लिहिलं नाही, ताई. अन्य व्यक्ती लिहिलंय."

अन्य व्यक्तीचा फोटो समोरच स्टुलावर होता, पुढे समई. सुलक्षणाने त्या फोटोकडे पाहिलं. कित्येक वर्षं उपड्या केलेल्या घागरी, प्रत्येक घागरीखालची बाई, आणि हे सगळं आता एका कबुलीवर वाचणार होतं. नाना यंत्र होते एवढंच म्हणायचं होतं.

"म्हणून टाक," प्रमिलाबाई म्हणाल्या. "गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मान न डोलावणारी एकटी सुलक्षणा होती, पण सुतकातल्या माणसाला मत नसतं असं सर्वांनी धरून चालावं, तसं ते चाललं होतं.

अडचण एकच निघाली. कबुली देणाऱ्याने समितीसमोर त्या यंत्राकडून तसाच मजकूर काढून दाखवायचा होता. नियम अकरा. म्हणून भूपेंद्रने मोबाइलवरच्या यंत्राला नानांसारखं लिहायला शिकवायचं मनावर घेतलं. त्याने मोबाइल नेमका नानांच्या जागी, संगणकाला टेकवून उभा केला, आणि आज्ञा केली की घागरीबद्दल लिही.

यंत्राने बायकी, गोड आवाजात वाचून दाखवलं, "घागर ही केवळ भांडं नसून ती स्त्रीच्या अस्मितेचा झळाळता आरसा आहे."

"छान लिहितं की," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"छान नको, काकू. कोर्टासारखं पाहिजे." भूपेंद्रने 'सदर' घालायला सांगितलं. यंत्राने 'सदर' घातलं, पण आरसा काढला नाही. रेघा मारायला सांगितलं, तर त्याने रेघांचं सामाजिक महत्त्व सांगितलं. शेवटी भूपेंद्र वैतागला. "अगं बाई, इथे माणूस गेलाय. जरा गंभीर हो."

"तुमच्या दुःखात मी सहभागी आहे," यंत्र म्हणालं. "या कठीण काळात स्वतःची काळजी घ्या."

धुरपदाआत्या इतका वेळ भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांनी डोळे उघडले. "ही कोन बाई शे? दारवर उनी का?"

"बाई नाही, आत्या. मोबाइल आहे."

"बोलस ते गोड. तिले चहा दिन्हा का?"

चहाचं आत्यांना कुणी समजावून सांगायच्या आत यंत्राने निरोप घेतला. "पुन्हा कधीही बोलवा. मी इथेच आहे."

खोली गार पडली. ज्या घरातून निघताना सख्खा भाऊ 'येतो' म्हणत नाही, तिथे हिने 'पुन्हा' म्हटलं होतं.

"इले काही रीत नही," आत्या म्हणाल्या, आणि त्यांनी मोबाइलकडे पाठ केली.

सुलक्षणा उठली. तिने मोबाइल नानांच्या जागेवरून उचलून भूपेंद्रच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिली. मी इथेच आहे. इतकं सोपं वाक्य. ज्याने म्हणायला हवं होतं तो सोडून बाकी कुणीही ते म्हणू शकत होतं.

सोमवारी भूपेंद्रच्या गाडीतून मंडळी जळगावला निघाली. सुतकातल्या लेकीने एकटं जाऊ नये म्हणून आत्या, आणि कारकुनाशी बोलायला शिकलेलं माणूस हवं म्हणून प्रमिलाबाई. निघण्यापूर्वी आत्यांनी सुलक्षणाच्या मनगटाला तेल चोळून घट्ट पट्टी बांधली. पारोळ्यापर्यंत गाडीत त्या तेलाखेरीज दुसरा विषय नव्हता. एरंडोलला सगळ्यांनी काचा खाली केल्या. भूपेंद्र मात्र विचारात होता, आणि जळगाव दिसू लागल्यावर त्याला तोड सापडली.

"ताई, साधन आता बंद पडलंय असं लिहू. बंद पडलेल्या साधनाचं प्रात्यक्षिक लागत नाही. नियम अकराच्या खाली बारीक अक्षरात आहे."

केंद्राच्या खिडकीत समाधान होता, आवाजापेक्षा वयाने मोठा आणि चेहऱ्याने मऊ. त्याने आधी हात जोडले. मग पडद्यावर खुलाशाचा अर्ज उघडला आणि कीबोर्ड भूपेंद्रकडे सरकवला, कारण उमेदवाराच्या हाताला पट्टी होती. समाधानने मोठ्या मनाने मदतही केली. "यंत्रच लिहा, मॅडम. माणूस लिहिलं की केस वाढते. मीच वैतागतो मग."

भूपेंद्रने भराभर टाइप केलं. बाहेर आलेला कागद त्याने सुलक्षणाच्या हातात ठेवला. फक्त सही राहिली होती.

तिने वाचलं. 'साधनाचे नाव: अमृत. वापराचे कारण: उमेदवाराची मनगटदुखी. साधनाची सद्यस्थिती: बंद.'

"नाव काहीतरी टाकायचं होतं," भूपेंद्र म्हणाला. "मला दुसरं सुचलं नाही, ताई."

मुख्याध्यापिका म्हणून हजारो अर्ज तपासलेल्या प्रमिलाबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी कागद वाचला आणि चष्मा काढून पर्समध्ये ठेवून दिला. त्यांनी दिलेला एखादा सल्ला इतक्या सुबक अक्षरात छापून त्यांच्यासमोर यापूर्वी कधी आला नसावा.

तेवढ्यात आतून बोलावणं आलं.

समितीचे अध्यक्ष तोताराम सर. त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक सदस्य होते, ते शेवटपर्यंत बोलले नाहीत. नियमाप्रमाणे उमेदवाराने एकटीने आत जायचं होतं, पण हे धुरपदाआत्यांना कुणी समजेल अशा भाषेत सांगितलं नव्हतं. त्या दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या. कागद घेऊन समाधानही आला आणि उभा राहिला.

"बसा, मॅडम," तोताराम सर म्हणाले. माणूस वाईट नव्हता. घरी लवकर जावं एवढीच त्यांची अपेक्षा दिसत होती. "सही करा, मी ताकीद देतो, विषय संपला. फक्त एक विचारतो. मी बरेच यंत्राचे प्रबंध पाहिले. या ओळीच्या शेवटी रेघा कशाला? असं करणारं यंत्र मला माहीत नाही."

"कोर्टात ओळ उघडी ठेवत नाहीत, सर. मागाहून कुणी काही घुसडू नये म्हणून."

"यंत्राला हे कुणी शिकवलं?"

सुलक्षणाने कागदाकडे पाहिलं. अमृत. बंद. खाली तिच्या सहीसाठी सोडलेली लांबलचक मोकळी जागा. नानांनी ती पाहिली असती तर आधी रेघांनी भरून काढली असती.

तिने कागद परत टेबलावर ठेवला. "हे यंत्र नाही, सर. माझ्या वडिलांनी टाइप केलं. माझी वाक्यं त्यांनी बदलली, मी भांडले, मग तशीच राहू दिली. ते गेल्या बुधवारी वारले. मी सही करणार नाही."

तोताराम सरांनी खुर्चीत मागे टेकून छताकडे पाहिलं. "मग नियम सात. मला प्रबंध रद्द करावा लागेल."

"करा."

हा शब्द तिच्या अपेक्षेपेक्षाही पटकन आला. समाधानने कागदपत्रांचा गठ्ठा या हातातून त्या हातात घेतला आणि घसा खाकरला. "सर, नियम नऊपण आहे. उमेदवाराचं हस्तलिखित असेल तर तिने इथे केंद्रात बसून, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या वाक्यांत सगळं पुन्हा टाइप करायचं. मग नवा प्रबंध धरतात."

"हस्तलिखित आहे?" तोताराम सर सावरून बसले.

"सगळं आहे. माझ्या अक्षरात."

"मग झालं की."

"पण सर," समाधान म्हणाला, आणि त्याला खरोखर वाईट वाटत होतं, "मॅडमचं मनगट. अर्जात आहे. आणि पट्टीपण आहे."

"कशी करी ती टाइप?" दाराजवळून आत्या म्हणाल्या. "बाटल्या न् बाटल्या तेल धाडं मी. मना भाऊ फोनवर रोज सांगे, सुलूना हात दुखस, मनाबिगर तिनं चालत नही. मोठा खुशीमा सांगे."

सुलक्षणा वळली. "खुशीत?"

"मंग. त्याले आते काम व्हतं ना."

तोताराम सर दोघींकडे आळीपाळीने पाहत होते. अहिराणी त्यांना कळत होती, प्रकरण कळत नव्हतं. "मॅडम, एक सांगा. तुम्हाला मुळात टाइप येतं का?"

"येतं. सरकारी परीक्षा, मराठी, मिनिटाला चाळीस शब्द. त्यांनीच शिकवलं होतं."

"आणि मनगट?"

सुलक्षणाने पट्टीची गाठ सोडायला घेतली. आत्यांची गाठ, ती लवकर सुटेना. तेलाचा वास खोलीभर पसरला आणि न बोलणाऱ्या सदस्यांपैकी एकाने रुमाल काढला. शेवटी पट्टी सुटली. तिने ती गुंडाळून टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात समितीसमोर पालथे ठेवले, शाळेत नखं दाखवायला ठेवतात तसे. डावा कुठला, उजवा कुठला, कुणी विचारलं नाही.

"ते गॅलरीत उभे राहून गाड्यांचे नंबर वाचायचे," ती म्हणाली.

समितीला यातून काही बोध झाला नाही. ती समितीकडे पाहतही नव्हती. समोर, तोताराम सरांच्या बाजूला, एका छोट्या टेबलावर केंद्राचा संगणक होता आणि त्याच्यासमोरची खुर्ची रिकामी होती.

"हात कधीच दुखत नव्हता, नाना," सुलक्षणा म्हणाली. "डावाही नाही आणि उजवाही नाही. मी घरी आले की तुम्ही टेबलाशी बसलेले दिसावेत, एवढंच मला हवं होतं."